मेणबत्तीचं सोयर

"हॅलो?… हॅलो!… कोण?… लातूरहून? द्या, द्या ना भाईसाब… हॅलो? अक्का? अगं मी सरोजिनी!… मीच ग! हे कोर्टात गेलेत, म्हणून मी उचलला… ऐकू येतंय, सगळं ऐकू येतंय, तू जरा हळू बोल. कान गेला माझा."

वकील दत्तोपंतांच्या घरी टेलिफोन येऊन वर्ष होत आलं होतं, पण सरोजिनीबाईंनी तो आजवर फडक्यानं पुसण्यापलीकडे हाताळला नव्हता. नांदेडात टेलिफोन असलेली घरं बोटांवर मोजण्यासारखी. त्यात हा ठेवलेला बैठकीत, पक्षकारांच्या बाकासमोर. लोकांना दिसत नसेल तर तो घेऊन उपयोग काय, असं वकीलसाहेबांचं म्हणणं. त्यामुळे लातूरहून थोरल्या बहिणीचा, चंद्रप्रभाबाईंचा ट्रंककॉल आला तेव्हा समोर चार पक्षकार बसले होते, आणि त्यातला इस्लापूरचा भुजंग तर पाय वर घेऊन ऐसपैस बसला होता. भिंतीकडे तोंड केलं की आपलं बोलणं मागच्यांना ऐकू जात नाही, अशी सरोजिनीबाईंची भाबडी समजूत. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि ओरडून बोलायला लागल्या.

"हां, बोल अक्का. तुझ्याच फोनची वाट बघून राहिले होते. परवापासून जीव थाऱ्यावर नाही माझा. काय म्हणतात पाव्हणे? आवडली ना आमची कुसुम?… हो, हो… अगं ऐक ना, मी सांगते ना काय झालं ते. संध्याकाळची मोटार, दिवेलागणीला आले. मुलगा उद्धव, त्याची आई तारामतीबाई, आणि ते थोरले काका… हां, अमृतराव. मुलाचे वडील आलेच नाहीत. थोरल्या भावासमोर त्यांना तोंड उघडायची सोय नाही म्हणे, मग येऊन तरी काय करणार… हो. बैठक घातली, पोहे केले, कुसुम आली, बसली. नाव विचारलं, सांगितलं. सगळं बिलकुल रीतसर. अमृतरावांनी पाण्याचा तांब्या तोंडाशी नेला, आणि थांबले."

"नाही ग, पाणी स्वच्छ होतं! दोनदा गाळलेलं… तांब्या खाली ठेवला. मग नाक वर केलं. असं. असं बघ…"

सरोजिनीबाईंनी नाक वर करून दाखवलं. ते लातूरला दिसण्यासारखं नव्हतं, पण बाकावरच्यांना दिसलं, आणि भुजंगानं लगेच तसं करून पाहिलं.

"मला म्हणाले, 'घरात बायका किती?' मी म्हटलं, दोन. मी आणि कुसुम. तर म्हणाले, 'उठा.' आणि उठलेच!… पोहे? पोहे तसेच ग! उद्धवनं घास उचलला होता, तोसुद्धा खाली ठेवायला लावला. ती तारामतीबाई मात्र भिंतीला टेकून बसली होती ती उठेचना. हाका मारून मारून थकले तिचे दीर. मला वाटलं पायाला मुंग्या आल्या बिचारीच्या… आणि ऐक ना, मग काय केलं मालूम आहे? सरळ गोदावरीवर गेले आणि कपड्यांनिशी बुचकळ्या मारल्या. या थंडीत! कोटासकट! घाटावरच्यांनी सांगितलं. मी यांना म्हटलं, किती भाविक माणसं! आपली पोर चांगल्या घरी पडणार."

"काय?… भाविक नाही? मग?… हॅलो? आवाज गेला बघ… काय म्हणालीस? परत बोल. कोण आहे आमच्या घरात?… बाळंतीण?"

शेवटचा शब्द भिंतीवर आपटून सगळ्या बैठकीत फिरला. एक पक्षकार इतका वेळ डुलक्या देत होता, तोही जागा झाला.

"काहीतरीच काय बोलून राहिलीस अक्का! कुसुमच्या पाठीवर आमच्याकडे पाळणा हलला नाही, तुला माहीत नाही का?… अमृतराव सांगून राहिलेत? कुणाला?… गंजात? सगळ्या आडतबाजारात?… 'वकिलाच्या घरी सोयर लपवून आम्हाला पाणी पाजत होते'… अगं बाई ग! पाजलं कुठं? तांब्या तर खाली ठेवला त्यांनी!"

घरात मूल जन्मलं की दहा दिवस सोयर. सोवळं पाळणारा माणूस अशा घरचं पाणीदेखील घेत नाही, आणि कुणी लपवून पाजलं तर मेल्यावरही विसरत नाही. अमृतराव तर असे, की सोवळं नेसून झोपतात का अशी शंका यावी. पण सोयराचं एवढं काही सरोजिनीबाईंना लागलं नाही. त्यांचं मन दुसऱ्याच ठिकाणी जाऊन अडकलं होतं.

"थांब. थांब अक्का. घरात बायका दोनच, असं मीच सांगितलं त्यांना. मग बाळंतीण म्हणजे ते कुणाला…"

माजघराच्या दारात कुसुम उभी होती, हातात तांदळाचं सूप. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्याकडे बघून सरोजिनीबाई वकीलसाहेबांच्या खुर्चीत बसल्या.

"अक्का, माझ्या पोरीचं नाव घेतलं का ग त्यांनी?… खरं सांग… नाव नाही घेतलं. हां. घ्यायची गरज काय आहे? लोक काय दूधखुळे आहेत?… वाटोळं झालं ग पोरीचं. आज लातूर गेलं, उद्या परभणी जाईल, परवा बीड. कोण करून घेईल तिला?… नाही, रडत नाही. रडत नाही म्हणते ना!… कोण? कोण बोलून राहिलं मध्येच?… हां भाईसाब, बात चालू है… क्या?… मुबारक? कायकी मुबारक?… नै नै भाईसाब, बच्चा नै हुआ! किसकू भी नै हुआ!… लडका नै, लडकी नै, कुछ नै! तुम सुनो नक्को जी, अपना काम करो."

लाइन जोडून देणारा मधला माणूस दिवसभर सरकी-कापसाचे भाव ऐकून विटलेला असणार. त्याला आज पहिल्यांदा ऐकण्यासारखं काही मिळालं होतं.

"तो मधला माणूस ग. गेला, गेला… हां, बोल. कशावरून म्हणतात बाळंतीण? पाळणा दिसला? रडणं ऐकू आलं?… वास? कसला वास?… ओव्याचा. शेपाचा… बाळंतिणीच्या खोलीला येतो तसा."

सरोजिनीबाईंची नजर समोरच्या कोनाड्यातल्या मेणाच्या ओघळांकडे गेली.

"अगं अक्का… अगं, त्या मेणबत्त्या होत्या!"

"मेणबत्त्या! मेणाच्या!… आमच्या बैठकीत ग. घासलेट मिळून राहिलंय का कुठं? लढाई सुरू झाल्यापासून कंट्रोलवर. जे मिळतं ते यांच्या कागदपत्रांपुढच्या कंदिलात जातं. मग मुलगी काय अंधारात दाखवायची? आमच्याकडे तो इस्लापूरचा भुजंग येतो, त्यानं जंगलातलं मेण आणून दिलं. मधाच्या पोळ्याचं… हो ना, चांगला गोळाच्या गोळा."

"चोख हाय म्हनावं," भुजंग बाकावरून म्हणाला. "बाईसाब, सांगा त्यायला, मेनात काई खोट न्हाई."

"मेणात खोट नाही, तो सांगून राहिलाय… कशा केल्या म्हणजे? आता तुला कृती पाहिजे?… सोपी आहे ग. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात लहान पातेलं ठेवून मेण वितळवायचं. नुसतं चुलीवर ठेवायचं नाही, भडकतं. पपईच्या पानाचे देठ असतात ना पोकळ, ते कापून घ्यायचे, आतून तेलाचं बोट फिरवायचं, खालच्या तोंडाला कणकेची गोळी, मधून वात. वाती घरात होत्याच, चातुर्मासातल्या उरलेल्या. मेण जरा निवलं, बोट सोसेल इतकं, की वासाचं तेल घालायचं. कढत असताना घातलं तर सगळा वास उडून जातो… हो, मग ओतायचं, आणि घट्ट झालं की देठ सोलून काढायचा. काय गुळगुळीत निघतात ग! कोनाड्या-कोनाड्यांत लावल्या. घर असं दिसत होतं की मीच बघत राहिले… तेल कशाला? अगं, त्या मेणाला धुराचा वास होता, पोळ्याला धूर देतात ना. म्हणून अत्ताराकडून तेल आणलं, भपक्यावर वाफेनं काढलेलं. ओव्याचं आणि बाळंतशेपाचं. थोडं वेखंडाचं."

यावर लातूरहून जे काही आलं, ते ऐकताना सरोजिनीबाईंनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला. बाकावरच्यांना शब्द कळले नाहीत. पण थोरली बहीण धाकटीला काय म्हणते आहे हे समजायला शब्द थोडेच लागतात? भुजंगानंसुद्धा आदरानं पाय खाली घेतले.

"दे. दे शिव्या… हो, अक्कल गहाण टाकली होती… हो, गुलाब होता की त्याच्याकडे, केवडा पण होता… मला तो वास चांगला वाटला ग, मी काय करू?… अग्गोबाई! आता कळलं मला! म्हणून साखराबाई आली होती काल… सुईण ग. सकाळी सकाळी दारात बसली ती डोळ्याला पदर लावून. म्हणते, 'गल्लीतलं एकेक लेकरू माझ्या हातचं, आन् तुमी मला बोलावलंबी न्हाई? कोन आनली हुती, हैदराबादची?' मला कळेचना काय बोलून राहिली. तिची समजूत घालायला म्हटलं, बाई, पुढच्या वेळी तुलाच बोलवीन… हो! असंच म्हटलं मी! पुढच्या वेळी!… आणि तो अत्तार तेल देताना दाढीतल्या दाढीत हसला, म्हणाला, अल्ला दोघांना सलामत ठेवो. मला वाटलं, मी आणि हे. म्हटलं तुम्हाला पण ठेवो… आणि मारुतीच्या पुजाऱ्यानं मला तीर्थ दिलंच नाही, खोबऱ्याचा तुकडा लांबून फेकला. मला वाटलं खांदा दुखून राहिला असेल त्याचा."

एकेक गोष्ट आठवत गेली तशा सरोजिनीबाई खुर्चीत खाली खाली सरकत गेल्या. शहाण्या बाईला उमगायला पुरेल एवढं सगळं दोन-तीन दिवस समोर घडत होतं, आणि यांनी प्रत्येकाला हसून नमस्कार केला होता.

"मग आता काय करायचं ग?… मेणबत्ती होती म्हणून सांगायचं?… का नाही बसणार विश्वास?… हां. तेही खरं. बाळंतशेपाची मेणबत्ती कुणी ऐकली आहे का. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी पण हसले असते… मग?… काय?… मी?… अक्का, तुझं डोकं फिरलं का? या वयात?… नाही नाही नाही… हो, ते कळतंय मला. पोरीवर येण्यापेक्षा आईवर आलेलं बरं. लग्नाची बाई आहे, मला झालं तर कुणाच्या बापाचं काय जातं… पण अगं, मी सगळ्यांसमोर पोह्याच्या बशा घेऊन फिरत होते ना!… म्हणजे झाल्या झाल्या उठले म्हणू? कुणाला खरं वाटेल?… आणि यांना? हे संध्याकाळी कोर्टातून येणार, पगडी काढणार, आणि मी काय म्हणू, अहो, परवा तुम्हाला मूल झालं?"

"आणि मूल दाखवा म्हटलं तर?… कुणाला, तुझ्या नातवाला? त्याला पाठवून देतेस? अगं, तो चालतो, बोलतो! दाढा आल्यात त्याला! मागच्या खेपेला माझ्या मनगटाला चावला होता… दुपट्यात गुंडाळून? तो राहतो होय दुपट्यात? आणि कुणी बघायला आलं आणि त्यानं बसायला पाट दिला म्हणजे?"

कुसुम अजून दारातच होती. सूप खाली ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं. परवा नेसवलेली हिरवी साडी तिनं अजून घडी करून पेटीत टाकली नव्हती, दांडीवरच होती, हे सरोजिनीबाईंनी सकाळीच पाहिलं होतं. पोरीला तो मुलगा आवडला होता. तसं ती बोलली नव्हती, पण आईला का ते सांगावं लागतं? त्यांना वाईट वाटलं आणि स्वतःचा भयंकर राग आला.

"बरं. बरं अक्का. सांग लोकांना… हो, तयार आहे. कुसुमसाठी काय वाट्टेल ते. सांग गंजात, सांग त्या अमृतरावांना, मीच बाळंतीण आहे म्हणावं! मी, सरोजिनी! मीच!"

बाकावरचे चौघेही उठून उभे राहिले. बाळंतिणीसमोर बसून राहावं की नाही, याबद्दल कायद्यात काही नसावं, पण माणसाला रीत कळते.

"बाईसाब," भुजंग हात जोडून म्हणाला, "ओल्या अंगानं खुर्चीत बसू नगासा. हवा लागंल. पडा जरा आत जाऊन, ते फोनचं आमी बघतो."

"तू गप रे… तुला नाही अक्का, भुजंगला… कोण? भाईसाब, तुम फिर आए?… हां, हुआ. हुआ बाबा, मेरेकूच हुआ… लडका. नाम नै रक्खे अभी… मिठाई मिलती, सबकू मिलती, अब लाइन छोडो… हां अक्का, बोल. पुढं काय?… काय म्हणालीस?… तुझ्याजवळ कोण उभं आहे?… कधीपासून?… अगदी पहिल्यापासून?"

फोन आला होता चंद्रप्रभाबाईंच्या यजमानांच्या आडतीतून. तारामतीबाई तिथं आपल्या पायांनी आल्या होत्या, खरंखोटं स्वतःच्या कानांनी ऐकायला. अक्कानं हे आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सरोजिनीबाई काही बोलल्याच नसत्या. थोरल्या बहिणी अशाच असतात.

सरोजिनीबाई खुर्चीतून उठल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, कपाळापर्यंत घेतला, आणि आवाज एकदम खाली आला.

"नमस्कार. नमस्कार तारामतीबाई… हो, मीच… ऐकलंत का सगळं?… दाढांचंपण?… नाही हो, नाही झालं मला काही. कुणालाच नाही झालं. माझी पोर देवाच्या फुलासारखी आहे… हो, खरोखर मेणबत्तीच होती. तुमच्या गळ्याची शपथ… का घातलं? ओव्याचंच का?"

सरोजिनीबाई टेलिफोनची तार बोटाला गुंडाळत राहिल्या.

"खरं सांगू का, हसणार नाही ना तुम्ही?… मी अत्ताराच्या दुकानात उभी होते. त्यानं गुलाब हुंगवला, केवडा हुंगवला, हिना हुंगवला. सगळे चांगले होते. पण मला वाटलं, पाव्हणे येणार, तर घराला असा वास पाहिजे की आलेल्या माणसाला बसावंसं वाटलं पाहिजे. मग मीच आठवून बघायला लागले, मला कुठं असं बसावंसं वाटलं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून आठवलं. काहीच आठवेना. चूल, पाणी, सोवळं, यांचे पक्षकार, पाव्हणेरावळे… एकच आठवलं. कुसुमच्या वेळी उदगीरला माहेरी होते ते दिवस. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा टाकलेला. दाराला पडदा. आई पाणी तापवून आणायची, केस धुवायची माझे. मी दुपारी झोपायची, तारामतीबाई. दुपारी! कुणी हाक मारली बाहेरून, तर आई म्हणायची, तिला उठवू नका. माझ्यासाठी असं कुणी म्हणालेलं तेवढंच. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. म्हणून मी तेच तेल मागितलं… मला वाटलं, जगातला सगळ्यात चांगला वास आहे. दुसऱ्याला तो काय सांगेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही हो. चूक माझी आहे. माझ्या पोरीला त्याची शिक्षा देऊ नका."

बाकावरचे चौघे आपापल्या पायांकडे बघत होते. त्यांच्या घरीही बायका होत्या.

"हॅलो?… आहात ना?… तारामतीबाई?… अहो, रडू नका. मी काय लागेल असं बोलले का?… काय? तुम्हाला पण?… म्हणून उठत नव्हतात? आणि मी मुंग्या समजले!… हो… हो ना. आपल्याला कोण बसू देतं. तेवढेच दिवस… हो बाई, तेवढेच. आणि ते पण मूल व्हायला लागतं त्यासाठी."

दोघी एकदम हसल्या असाव्यात, कारण सरोजिनीबाई हसल्या आणि मग नाक ओढलं.

"पण अमृतरावांचं काय करायचं?… हो, अक्का सांगत होती. त्यांचं नाक म्हणजे तुमच्या घरचं हायकोर्ट… अपील नाही… काय? तुम्ही लावणार? मेणबत्ती? तिकडं तुमच्या घरात?… कशाला पण?… थांबा, थांबा, मला समजू द्या. तुम्ही लावणार. वास सुटणार. अमृतराव नाक वर करणार. मग त्यांना दोनच गोष्टी म्हणता येतील. एक तर आपल्याच घरात सोयर आहे, आणि मग बाळंतीण कोण ते त्यांनाच सांगावं लागेल… नाही तर नाक खोटं बोलून राहिलंय. आणि तिथं खोटं बोलत असेल, तर नांदेडलाही खोटंच बोललं… अग्गोबाई. नाक खोटं ते म्हणणार नाहीत. घराची अब्रू ते काढणार नाहीत. मग?… मठात जाऊन राहतील? सोयर फिटेपर्यंत?… जेवण पण तिकडंच?… आणि बाळंतीण कोण म्हणून विचारलं तर?… कुणी विचारणारच नाही? हो, तेही खरं. पुरुष पडद्यापर्यंत कधी आलेत?"

"म्हणजे तुम्हाला तेवढे दिवस त्यांचा सोवळ्याचा स्वयंपाक नाही! पहाटेचं पाणी नाही! बाई ग… झोपा हो, दुपारी झोपा. खुशाल झोपा… पण गंजात त्यांनी जे सांगून ठेवलंय, ते कसं निस्तरायचं?… परवा सर्दी होती, वास नीट कळला नाही, असं म्हणायचं? म्हणतील ते?… गोदावरीत बुडी मारल्यापासून शिंकून राहिलेत? मग काय, गंजाला आपोआप पटेल. मठात जाता जाता स्वतःच सांगतील, नांदेडचा वास खरा म्हटला तर घरचाही खरा म्हणावा लागेल ना… पण मग आत्ता लावू नका हं. सर्दी उतरू द्या आधी. नाहीतर मेणबत्त्या फुकट जायच्या."

भुजंग बाकावर बसला आणि मांडीवर थाप मारली. तंट्याचे दावे त्यानं पुष्कळ ऐकले होते, पण असा निकाल नव्हता ऐकला.

"पाठवते ना. उद्याच्या मोटारीनं. सांगाल तेवढ्या… हो?… काय, कुसुम? कुसुमचं काय?"

सरोजिनीबाईंनी दाराकडे बघितलं. कुसुम सूप छातीशी धरून एक पाऊल आत आली होती.

"नाही, परवा नाही विचारलं तुम्ही. अमृतरावांनी नावच तेवढं विचारलं… तिला करता येतात का? मेणबत्त्या? येतात की! त्या तिनंच… हॅलो? तारामतीबाई? येतात! अहो, कुसुमला मेणबत्त्या करता येतात! हॅलो! हॅलो!"

काही नाही. नुसती घरघर. सरोजिनीबाईंनी रिसीव्हर हलवला, त्यात फुंकर मारली, पुन्हा कानाला लावला.

"हॅलो… कौन?… भाईसाब! लाइन कट गई क्या? फिर से लगाओ ना… नै लगती?… अरे देवा. भाईसाब, तुम सुनते थे ना? सच बोलो, गुस्सा नै करती… वो सुनी क्या, मैं जो बोली?… सुनी. फिर? फिर क्या बोली?… मुहूर्त देखो बोली?… पक्का ऐसाच बोली?… और?… और लडकी कू दहेज नक्को, मोमबत्ती का सामान देके भेजो बोली… नै भाईसाब. रोती नै मैं."

कुसुमचं सूप अखेर खाली पडलं आणि तांदूळ बैठकभर झाले. कुणी तिला रागावलं नाही. चौघे पक्षकार खाली बसून ते गोळा करायला लागले.

"हां भाईसाब, रखती हूँ… रुको, एक बात. घर में कौन है तुम्हारे?… बीवी. वो फजर में कब उठती?… और सोती कब?… मालूम नै. हां. तुम सो जाते ना उससे पहले… पता बोलो अपना. नै, मिठाई नै. उसके वास्ते कुछ भेजती मैं. जलाने का, और दरवाजे कू परदा डालने का. और कोई भी बुलाया तो तुम बाहर बैठ के बोलने का, उसकू उठाओ नक्को."

आणि सरोजिनीबाईंनी फोन ठेवला.